सराव क्रमांक चार

झोम्बाच्या केंद्रात प्रोजेक्टर आहे. वीज असते, नसते,
म्हणून साथीचा आलेख मी काड्यापेट्यांनी शिकवते.
एक पेटी म्हणजे एक आजारी माणूस.
फरशीवर खडूनं दिवस लिहायचे, एक ते बारा,
आणि ज्याला ज्या दिवशी जुलाब लागले
त्या दिवसावर त्याची पेटी.

हा सराव मी स्वतः लिहिलाय.
मोठ्या सरोवराकाठचं गाव क.
पाण्यावर लव्हाळ्यांच्या तरंगत्या झोपड्या.
लोकसंख्या, अंदाजे.
नियमाप्रमाणे नावं काढली,
वयं दोन-चार वर्षांनी इकडेतिकडे सरकवली.
एस्नातीची झाली सव्विसावी ओळ :
स्त्री, छत्तीस, मासे सुकवणे, दिवस सातवा.
यादीचा शेवटचा रकाना मी छापत नाही.
प्रश्न सोडवायला तो लागत नाही.

तीस जण. काही रात्रभर बसमध्ये,
एकीच्या पाठीला झोपलेलं बाळ.
पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी एक,
मग दोन, तीन, पाच, सहा,
आठ. पुन्हा आठ.
नवव्या दिवशी नऊ पेट्यांचा मनोरा डुलायला लागला,
कुणीतरी हसलं. मी हसू देते.
पुढं चार, दोन, एक.
उत्तर सगळ्यांना येतं : सरोवराचं पाणी.
चौथ्या दिवशी क्लोरीन वाटलं, साथ आटोक्यात.
मी पान उलटणार, तोच

मायेसो, ज्याच्या नावाचा अर्थच आमच्या बोलीत परीक्षा,
उकिडवा बसून पेट्यांकडं बघत म्हणाला,
"औषध चौथ्या दिवशी पोचलं, मग नवव्या दिवशी नऊ कसे, बाई?
पाणी प्यायल्यावर बहुतेकांना दोन-तीन दिवसांत होतं म्हणालात.
एखादा रेंगाळेल. नऊ नाही रेंगाळणार.
इथं कुठंतरी पाणी मुरतंय."

मुरत होतंच.

चौथ्या दिवशी क्लोरीन काठावर पोचलं होतं,
माझ्याच सायकलच्या कॅरिअरवर, दोन बादल्या.
होडी होती. इंजिन होतं. डिझेल नव्हतं,
आणि डिझेलच्या अर्जावर एक सही नव्हती,
आणि तो शुक्रवार होता.
काठावरून झोपड्यांचा धूर दिसायचा,
सकाळी जास्त, संध्याकाळी कमी,
रविवारी फारच कमी.
मी यादी सुवाच्य केली. इतकं सुंदर अक्षर
माझं आधी कधी आलं नव्हतं, नंतरही नाही.

आठव्या दिवशी गेलो.
प्रश्न अकरावा : पिण्याचं पाणी कुठलं?
एस्नातीनं पडल्यापडल्याच
लव्हाळ्यांच्या कडेवरून हात खाली सोडला, बुडवला,
ओला हात मला दाखवला.
"हे. तुझ्याकडं दुसरं आहे?"
होतं. बाटलीत, अर्धी. दिलं.

अहवालात लिहिलं : वाटप सुरू, दिवस चौथा.
खोटं कसं म्हणणार?
सुरू झालंच होतं.
अहवालातून सरावात आलं, सरावातून सात तुकड्यांच्या वह्यांत,
आणि आता कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत
माझे विद्यार्थी काठावर औषध पोचलं
की पोचलं असं लिहीत असतील.

मी तिसांच्या तीस प्रती परत मागितल्या.
पेनानं "चौथा" खोडून "आठवा" करत बसले,
खाली नवा प्रश्न, हातानंच :
काठ ते झोपडी, किती अंतर? किती दिवस? कुणाच्या सहीचे?
बाळ जागं झालं. न्सिमा निवत चालली होती.

मायेसो फरशीवरच्या पेट्या गोळा करतोय.
सातव्या दिवसाची सगळ्यात वरची पेटी कानाशी धरून
त्यानं हलवली. आत काड्या वाजल्या.
मी सांगितलेलं नाही त्याला.

स्वयंपाकीणबाई दारात उभ्या आहेत,
चहासाठी चूल पुन्हा पेटवायचीय,
"एक द्या हो त्यातली," म्हणतात,
"कुठलीही."